ऑनलाईन गुंतवणुकीचे प्रस्ताव : फसवणुकीचे स्वरूप आणि गुंतवणूकदाराची दक्षता
(विशेष संदर्भ : खान्देश परिसर)

प्रस्तावना :
धरणगाव व परिसरातील कुटुंबांच्या हाती एकरकमी पैसा प्रामुख्याने दोन प्रसंगी येतो. एक कापसाचा हंगाम संपल्यावर आणि दुसरा नोकरीतून निवृत्त झाल्यावर. पूर्वी ही रक्कम बँकेत किंवा गावातील पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवली जाई. आज भ्रमणध्वनीवर येणारे गुंतवणुकीचे प्रस्ताव याच रकमेला लक्ष्य करतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर सेवेत आलेल्या बहुसंख्य प्राध्यापकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. त्यामुळे वाढीव परताव्याचा शोध घेणे ही त्यांच्यासाठी हौस नसून गरज बनली आहे. फसवणूक करणारे नेमका याच गरजेचा लाभ उठवतात.

उद्दिष्टे :
१) ऑनलाईन गुंतवणूक फसवणुकीची कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२) खान्देशातील पूर्वानुभवाच्या आधारे तिचे मूल्यमापन करणे.
३) पडताळणीचे व तक्रारीचे मार्ग सांगणे.

पूर्वानुभव :
जळगाव येथे मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी (बीएचआर) या बहुराज्यीय सहकारी पतसंस्थेच्या शाखा महाराष्ट्रासह अन्य राज्यांतही होत्या. ठेवींची परतफेड थांबल्यानंतर गुन्हे दाखल झाले आणि २०१५ मध्ये संस्थेवर अवसायक नेमण्यात आला. ठेवीदारांच्या पावत्या अल्प किमतीत घेऊन त्या कर्जखात्यांत वळत्या केल्याच्या आरोपांवरून २०२० मध्ये पुन्हा चौकशी झाली. बँकेतील ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. हा भेद अनेक ठेवीदारांना संस्था अडचणीत आल्यावरच कळतो. 'संस्था आपल्या भागातली आहे, माणसे ओळखीची आहेत' हाच त्यांच्या दृष्टीने पुरावा असतो.

ऑनलाईन प्रस्तावांत ही ओळख कृत्रिमरीत्या निर्माण केली जाते. समाजमाध्यमावरील गटात सहभागी करून घेतले जाते आणि इतर 'सदस्य' रोज आपला नफा जाहीर करतात. यातील बरेच सदस्य त्याच टोळीचे असतात. पूर्वी माणूस खरा होता, व्यवहार संशयास्पद होता. आता माणूसही खरा नसतो.

फसवणुकीची कार्यपद्धती :
पहिल्या टप्प्यात विनामूल्य 'टिप्स' दिल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात एखाद्या नामांकित दलाल कंपनीच्या नावाशी साम्य असणारे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले जाते. त्यावर शेअरच्या प्राथमिक विक्रीत हमखास वाटप किंवा 'संस्थात्मक खात्या'तून सवलतीत शेअर देण्याचे आश्वासन असते. तिसऱ्या टप्प्यात थोडी रक्कम काढू दिली जाते आणि त्यामुळे विश्वास दृढ होतो. मोठी रक्कम भरल्यानंतर मात्र पैसे काढण्यासाठी 'कर' अथवा 'प्रक्रिया शुल्क' मागितले जाते. अ‍ॅपवर दिसणारा नफा हा केवळ पडद्यावरील आकडा असतो. प्रत्यक्ष शेअर खरेदी झालेलेच नसतात.

परताव्याचा दर हाही एक निकष होय. आठवड्याला ५ टक्के दराने चक्रवाढ पद्धतीने १ लाख रुपयांचे वर्षाअखेर सुमारे साडेबारा लाख होतील. कोणताही वैध व्यवसाय असा परतावा सातत्याने देऊ शकत नाही. असा परतावा काही काळ मिळालाच, तर तो नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून दिलेला असतो. १९२० मध्ये बोस्टन येथे चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले होते. जानेवारी २०२५ मध्ये दादर येथे उघडकीस आलेल्या टोरेस प्रकरणातही साप्ताहिक परताव्याचेच आमिष होते.

पडताळणीचे मार्ग :
१) गुंतवणूक सल्लागार, संशोधन विश्लेषक व दलाल यांना सेबीची नोंदणी आवश्यक असते. दिलेला नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधावा. केवळ प्रमाणपत्राच्या छायाचित्रावर विसंबू नये. नोंदणीकृत सल्लागार निश्चित परताव्याची हमी देऊ शकत नाही.
२) पैसा कोणाच्या खात्यात जातो ते पाहावे. दलालाऐवजी अनोळखी व्यक्तीच्या किंवा भलत्याच कंपनीच्या नावे खाते असल्यास व्यवहार थांबवावा. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी 'व्हॅलिड' हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले आहेत. 'सेबी चेक' या सुविधेद्वारे ते तपासता येतात.
३) खरेदी केलेले शेअर डीमॅट खात्यात जमा होतात. त्याचे विवरण एनएसडीएल वा सीडीएसएल या निक्षेपागाराकडून स्वतंत्रपणे मिळते. तेथे नोंद नसेल तर खरेदी झालीच नाही, असे समजावे.
४) ठेव योजनेबाबत शंका असल्यास रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर माहिती घ्यावी.

फसवणूक झाल्यास :
१९३० या क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरवली जाते. त्यामुळे प्रारंभीच्या काही तासांतच ती गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. शिक्षित व्यक्ती लोकलज्जेस्तव गप्प राहते आणि हेच तास वाया जातात. बेकायदेशीर ठेव योजनांबाबत महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम, १९९९ आणि अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम, २०१९ यांचा आधार घेता येतो. परंतु मालमत्ता जप्त होऊन पैसा परत मिळेपर्यंत वर्षे लोटतात.

समारोप :
ग्रामीण व निमशहरी भागात प्राध्यापकाच्या शब्दाला वजन असते. 'सरांनी पैसे गुंतवले आहेत' एवढ्या आधारावर विद्यार्थ्यांचे पालक, नातलग व शेजारी निर्णय घेतात. त्यामुळे प्राध्यापकाची एक चूक त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही आणि त्याने केलेली एक पडताळणी अनेक कुटुंबांची पुंजी वाचवू शकते. 'सांगणारा ओळखीचा आहे का?' या प्रश्नाऐवजी 'नोंदणी कोणाची, खाते कोणाचे आणि शेअर कोठे जमा झाले?' हे तीन प्रश्न विचारण्याची सवय महाविद्यालयांतून रुजणे ही काळाची गरज आहे.