‘आल्टमार्क’ : एका पुरवठानौकेचा सेवावृत्तांत

नाविक युद्धाच्या इतिहासात लढाऊ जहाजांची नावे अग्रभागी असतात. त्यांना इंधन, दारूगोळा व अन्न पुरविणाऱ्या नौकांचा उल्लेख क्वचितच आढळतो. तथापि परदेशी बंदरांचा आसरा नसलेल्या युद्धनौकेचा पल्ला अखेरीस तिच्या पुरवठानौकेवरच अवलंबून असतो. जर्मन नौदलाच्या ‘आल्टमार्क’ या नौकेच्या अल्प सेवाकालावरून हे तर स्पष्ट होतेच. शिवाय अशा नौकेचे कायद्यातील स्थान किती संदिग्ध असते, हेही दिसून येते.

‘आल्टमार्क’चे जलावतरण १३ नोव्हेंबर १९३७ रोजी कील येथे झाले. ‘डिथमार्शेन’ वर्गातील पाच नौकांपैकी ती एक होय. सामान्य तेलवाहू जहाजाहून या वर्गाचे वेगळेपण दोन बाबतींत होते. पहिली बाब म्हणजे वेग. या नौका ताशी सुमारे २१ सागरी मैल जाऊ शकत. दुसरी बाब म्हणजे तेल, दारूगोळा, सुटे भाग व शिधा ही सर्व रसद एकाच नौकेतून नेण्याची सोय.

ऑगस्ट १९३९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पोर्ट आर्थर बंदरात तेल भरून ‘आल्टमार्क’ दक्षिण अटलांटिककडे निघाली. तेथे ‘आडमिराल ग्राफ श्पे’ या युद्धनौकेस ती भर समुद्रात रसद देत असे. त्या युद्धनौकेने नऊ ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडविली. त्यांवरील खलाशांपैकी बहुतेकांना ‘आल्टमार्क’वर हलविण्यात आले, आणि पुरवठानौका हा फिरता तुरुंग बनला. १७ डिसेंबर १९३९ रोजी ‘ग्राफ श्पे’ माँटेव्हिडिओनजीक तिच्याच खलाशांनी बुडविली. त्यानंतर २९९ बंदी घेऊन ‘आल्टमार्क’ स्वदेशी परतू लागली.

फेब्रुवारी १९४० मध्ये तिने तटस्थ नॉर्वेच्या सागरी हद्दीतून मार्ग धरला. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी तिची चौकशी केली, परंतु ती सरकारी सेवेतील नौका असल्याने तिच्या कोठारांची झडती घेतली नाही. १६ फेब्रुवारीच्या रात्री ‘कॉसॅक’ या ब्रिटिश विनाशिकेने कॅप्टन फिलिप व्हायन यांच्या नेतृत्वाखाली यॉसिंगफ्योर्डमध्ये शिरून तिच्यावर चढाई केली व सर्व बंद्यांना मुक्त केले. या चकमकीत काही जर्मन खलाशी मरण पावले.

या घटनेने आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे अवघड प्रश्न उभा केला. युद्धमान राष्ट्राची युद्धनौका तटस्थ हद्दीतून केवळ मार्गक्रमण करीत असेल, तर तेवढ्याने तटस्थतेस बाध येत नाही, असे १९०७ च्या तेराव्या हेग कराराचे दहावे कलम सांगते. नॉर्वेने याच तत्त्वाचा आधार घेतला. उलटपक्षी, बंद्यांना सुरक्षितपणे नेण्यासाठी किनाऱ्यालगत केलेला दीर्घ प्रवास हा केवळ मार्गक्रमण नसून तटस्थतेचा दुरुपयोग होय, असे ब्रिटनचे म्हणणे होते. कायद्याचा हा वाद मिटण्यापूर्वीच युद्धाने पुढचे पाऊल टाकले. नॉर्वे आपली तटस्थता राखू शकत नाही, हा हिटलरचा ग्रह या घटनेने दृढ झाला. १ मार्च रोजी त्याने आक्रमणाचा आदेश काढला व ९ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेवर स्वारी झाली. स्वारीची योजना त्यापूर्वीच आखली जात होती. ‘आल्टमार्क’ प्रकरणाने तिला गती दिली, एवढेच म्हणणे युक्त ठरेल.

त्याच वर्षी या नौकेस ‘उकरमार्क’ असे नवे नाव मिळाले. १९४१ च्या आरंभी अटलांटिक मोहिमेवरील ‘शार्नहोर्स्ट’ व ‘ग्नायझेनाउ’ या नौकांना तिने रसद पुरविली. पुढे १९४२ मध्ये ती जपानला पोचली. ३० नोव्हेंबर १९४२ रोजी योकोहामा बंदरात तिच्यावर भीषण स्फोट झाला. पेट्रोल उतरविल्यानंतर रिकाम्या टाक्यांत वाफ साचून राहिली होती व दुरुस्तीच्या कामातील ठिणगीने ती पेटली, असे मानले जाते. या आगीत शेजारची ‘थोर’ ही सशस्त्र नौकाही नष्ट झाली. शत्रूच्या तोफांपासून निभावलेली नौका अशा रीतीने स्वतःच्या मालाच्या अवशेषाने संपली.

नौका गेली, परंतु तिच्यामागील कल्पना टिकली. तिची भगिनी ‘डिथमार्शेन’ युद्धानंतर अमेरिकेकडे गेली. १९५० नंतरच्या दशकात तेथील नौदलाने ‘कनीका’ या नावाने तिच्यावर एकत्रित पुरवठ्याचे प्रयोग केले. तेल व दारूगोळा एकाच वेगवान नौकेतून देणारा ‘सॅक्रामेंटो’ वर्ग १९६४ मध्ये सेवेत आला, तो याच विचाराचे फलित होय.