सही करण्यापूर्वी जुने घर कसे पाहावे?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या एका माजी विद्यार्थिनीचे आई-वडील आमच्याकडे आले. मुलगी, जावई आणि दोन वर्षांचा नातू न्यूयॉर्कला असतात. तेथे क्वीन्स भागात एका जुन्या इमारतीत किरायाचे घर मिळत होते. दुसऱ्या दिवशीच सही करा आणि तीन महिन्यांचे डिपॉझिट भरा, असा तगादा होता. ही रक्कम वडील आपल्या भविष्य निधीतून पाठवणार होते. "सही करण्याआधी एकदा कागद पाहा," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आम्ही हिंदी माध्यमात शिकलेलो, त्यामुळे इंग्रजी करारनामा सावकाश वाचावा लागला. पण घाईचा अनुभव आम्हांला आहे. नोकरीच्या सुरुवातीला इंदूरात रामबागेतील एका वाड्यात भर उन्हाळ्यात दोन खोल्या किरायाने घेतल्या. आषाढात छत गळू लागले, तेव्हा मालक म्हणाले, "पाहूनच घेतल्या ना?" उत्तर नव्हते. म्हणून त्या रात्री तेथील सरकारी माहिती बसून वाचली. आपली अनेक मुले आता तिकडे जातात, म्हणून ती येथे देत आहोत.

किराया कोण ठरवतो? न्यूयॉर्क शहरात १९६९ पासून 'रेंट स्टॅबिलायझेशन' हा कायदा आहे. साधारणपणे १९७४ पूर्वी बांधलेल्या, सहा किंवा अधिक घरांच्या इमारती त्यात येतात. अशी सुमारे दहा लाख घरे आहेत. दरवर्षी किराया किती वाढावा हे एक सरकारी मंडळ ठरवते. किरायेदाराला एक किंवा दोन वर्षांचा करार निवडता येतो आणि मुदत संपली की सामान्यतः नवा करार मिळण्याचा हक्क असतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आहे, त्याचाच हा दूरचा भाऊ समजा.

परंतु इमारत जुनी म्हणजे प्रत्येक घर या कायद्यात आहेच, असे नाही. २०१९ पूर्वी बरीच घरे त्यातून बाहेर काढली गेली. म्हणून मालकाला थेट विचारावे की हेच घर नोंदलेले आहे काय. नोंदलेले असेल तर करारासोबत एक जोडपत्र द्यावे लागते. त्यात आधीचा कायदेशीर किराया आणि नवा किराया कसा काढला, हे लिहिलेले असते. जोडपत्र नसेल तर सही थांबवावी. राहायला गेल्यावर किरायेदाराला राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून आपल्या घराच्या किरायाचा जुना इतिहासही मागवता येतो.

पैसे किती द्यावे? २०१९ च्या कायद्यानुसार डिपॉझिट एका महिन्याच्या किरायापेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे तीन महिन्यांची मागणीच गैर होती. दलालाची फी ज्याने दलाल लावला त्याने द्यायची, असा नियम जून २०२५ पासून लागू आहे.

इमारतीची प्रकृती कशी पाहावी? शहराचा गृहविभाग प्रत्येक इमारतीविरुद्धच्या नोंदी संगणकावर सर्वांसाठी खुल्या ठेवतो. पत्ता टाकला की झाले. नोंदींचे तीन मुख्य वर्ग आहेत. 'ए' म्हणजे किरकोळ, 'बी' म्हणजे धोकादायक आणि 'सी' म्हणजे तत्काळ धोकादायक. एखाद-दुसरी जुनी, मिटलेली नोंद असली तर घाबरू नये. तीच तक्रार दर हिवाळ्यात येत असेल तर मात्र मालकाची सवय कळते.

तेथे थंडी म्हणजे आपल्यासारखी स्वेटरची थंडी नव्हे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचे तापमान १३ अंशांखाली गेले की दिवसा घरात किमान २० अंश आणि रात्री केव्हाही सुमारे १७ अंश ऊब मालकाने द्यावी लागते. गरम पाणी बारा महिने. जुन्या इमारतीत बहुधा तळघरातील एकाच बॉयलरवर सगळी घरे अवलंबून असतात. तो बिघडला की सगळेच गारठतात.

लहान मूल असेल तर आणखी दोन गोष्टी. १९६० पूर्वीच्या इमारतींत भिंतींवर शिशाचा रंग असू शकतो. त्याचे पोपडे किंवा धूळ पोटात गेली तर मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून खिडक्यांच्या चौकटी, दारे नीट पाहावीत. दहा वर्षे वा त्याखालील मूल असलेल्या घरात खिडक्यांना जाळ्या बसवणे हेही मालकाचे काम आहे. तसेच मागील वर्षात ढेकूण झाले होते काय, हे नव्या किरायेदाराला लेखी कळवावे लागते.

बाकी परीक्षा आपल्याकडल्यासारखीच. सगळे नळ एकदम सोडून पाहावेत. मोरीखाली हात लावून ओल पाहावी. छतावरचे डाग पाहावेत. जिना आणि कचऱ्याची जागा संध्याकाळी पाहावी. आणि सर्वांत मोठी गोष्ट, शेजारच्या जुन्या किरायेदाराला विचारावे, "गेल्या हिवाळ्यात कसे होते?"

आपल्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी सही केली नाही. पत्ता टाकून पाहिला, तर ऊब नसल्याच्या 'सी' वर्गाच्या नोंदी लागोपाठ तीन हिवाळ्यांच्या निघाल्या. पुढे तिने जवळच दुसरे घर घेतले. खोल्या लहान आहेत, किराया थोडा जास्त आहे, पण नातू उबेत झोपतो, असे तिच्या आईने परवा सांगितले.

दुरून डोंगर साजरे असतात. जवळ जाऊन पाहायला एक दिवस लागतो, तो मागून घ्यावा. जो मालक एक दिवसही देत नाही, त्याच्या घरात वर्ष काढण्याआधी विचार करावा. परगावी वा परदेशी निघालेल्या मुलांना एवढे जरूर सांगा.