कॉलेजांतील पहिलें गणित

दहावीचा निकाल लागला कीं, ज्या घरांतील मुलगा अथवा मुलगी उत्तीर्ण झाली असेल त्या घरांत पेढ्यांच्या पुड्याबरोबरच एक प्रश्नही येऊन दाखल होतो. पेढे दोन दिवसांत संपतात; प्रश्न मात्र प्रवेश-अर्जाच्या अखेरच्या तारखेपर्यंत घरांत ठाण मांडून बसतो. अकरावीला गणित घ्यावयाचें कीं जीवशास्त्र? कीं दोन्ही? वाणिज्य शाखा पत्करली तर तेथें तरी गणित ठेवावयाचें कीं नाहीं? थोरले काका एक सांगतात, मामा दुसरें सांगतात, शेजारच्या वहिनी आपल्या मुलाचा दाखला देतात. आणि ज्याला हा विषय पुढें दोन वर्षें, किंबहुना जन्मभर, वागवावयाचा असतो तें मूल कोपऱ्यांत गप्प बसून असतें.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं हा प्रसंग आम्हीं समक्ष पाहिला, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. हें कुटुंब ऊर्जानगरला राहतें. चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, दुर्गापूरच्या कोळशाच्या खाणीजवळ, औष्णिक वीजकेंद्राची ही वसाहत आहे. केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. जुने दोन संच आतां निवृत्त झाले असले तरी उरलेल्या सात संचांची क्षमता २९२० मेगावॉट आहे. वसाहतीच्या एका अंगास धुराडीं व दुसऱ्या अंगास झुडपी रान. ताडोबाचें अरण्यही दूर नाहीं, आणि वाघ-बिबट्यांची वर्दळ येथील लोकांस नवलाची वाटत नाहीं. स्नेही केंद्रांत नोकरीस आहेत, घरांत त्यांचे वडील—निवृत्त शिक्षक—आणि धाकटे बंधु सहकुटुंब असतात. त्यांची कन्या दहावीस गणितांत ९१ गुण मिळवून उत्तीर्ण झाली होती. तरीही ती म्हणत होती, “मला गणित नको. मला रानांतल्या प्राण्यांचा अभ्यास करावयाचा आहे. आणि अकरावीचें गणित मला झेपणार नाहीं.”

वडील नाराज, काका संतप्त, आई मुलीच्या बाजूची. आजोबा तेवढे कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं नातीला पाठकोरा कागद दिला आणि पांच प्रश्न घातले. पहिला, ‘क्ष² − ५क्ष + ६’ याचे अवयव पाडणें. दुसरा, ‘१/क + १/ख = १/ग’ या सूत्रांतून ‘ग’ची किंमत काढणें. तिसरा, ‘य = २क्ष + १’ या समीकरणाचा आलेख काढणें. चौथा, चंद्रपुराहून एका गांवास ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाऊन त्याच वाटेनें ताशीं ४० किलोमीटर वेगानें परत आलों, तर सबंध प्रवासाचा सरासरी वेग किती? आणि पांचवा, तीस अंशांच्या कोनाचा साइन एकद्वितीयांशच कां येतो, हें आकृति काढून दाखविणें.

पहिला व तिसरा प्रश्न मुलीनें झटक्यासरशीं सोडविला. दुसऱ्यांत ती अडखळली. चौथ्याचें उत्तर तिनें ५० असें लिहिलें, आणि पांचव्यापुढें केवळ “पाठ आहे” असे दोन शब्द लिहिले.

आजोबा म्हणाले, “बाळ, अंतर १२० किलोमीटर धर. जावयास किती वेळ लागला?”

“दोन तास. यावयास तीन.” ती थांबली. “म्हणजे पांच तासांत २४० किलोमीटर. अठ्ठेचाळीस! मग पन्नास कसें आलें?”

“तूं वेगांची सरासरी काढलीस, वेळ विसरलीस. आतां समभुज त्रिकोण काढ आणि शिरोबिंदूपासून खालीं लंब टाक. पायाचे दोन समान भाग झाले, आणि वरचा कोनही दुभागून तीस अंशांचा झाला. त्या कोनासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी आहे कीं नाहीं? पाठ करावयाचें त्यांत कांहीं नव्हतेंच.”

या छोट्याशा परीक्षेनें घरांतील वादाचें स्वरूपच पालटलें. मुलीला गणित येत नव्हतें असें नाहीं आणि ९१ गुण खोटे होते असेंही नाहीं. दहावीच्या १०० गुणांत बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० व अंतर्गत मूल्यमापनाचे २० असतात. ठराविक धाटणीचीं उदाहरणें घोटून त्यांतील पुष्कळसे गुण मिळवितां येतात. गुणपत्रिका भूतकाळाचा हिशेब सांगते. पुढची पायरी पेलेल कीं नाहीं हें ती सांगत नाहीं. अमेरिकेंतील अनेक कॉलेजांत नव्या विद्यार्थ्याची आरंभींच एक परीक्षा घेतात, आणि त्याचें गणित बीजगणितापासून सुरू करावयाचें कीं एकदम कलनशास्त्रापासून, हें तिच्यावरून ठरवितात. खालच्या पायरीपासून सुरुवात करण्यांत तेथें कमीपणा मानीत नाहींत. आपल्याकडे अशी सोय बहुधा नसते. अकरावीच्या वर्गांत सर्वांस एकाच पायरीवर उभें करतात. म्हणून ती परीक्षा घरींच घेतली पाहिजे.

पुढें काय वाढून ठेविलें आहे याची कल्पना पालकांस असणें जरूर आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या गणिताचा प्रारंभच कोन व त्याचें मापन यानें होतो. अंश जाऊन रेडियन येतात. त्यामागून त्रिकोणमिति, निर्धारक व सारण्या, रेषा, वर्तुळ व शंकुच्छेद, संभाव्यता. दुसऱ्या भागांत संमिश्र संख्या, श्रेढी, संच, फल, सीमा आणि अवकलन. बारावींत समाकलन, सदिश व अवकल समीकरणें येतात. दहावीचें गणित हा ओढा असेल तर ही नदी आहे. पोहतां येणारास ती तरून जातां येते; पण अपूर्णांकांची बेरीज करतांना ज्याचा हात थरथरतो त्याला पहिल्याच महिन्यांत गटांगळ्या खाव्या लागतात.

मराठी माध्यमांतून आलेल्या मुलांस आणखी एक अडचण असते. शास्त्रशाखेचें शिक्षण अकरावीपासून इंग्रजींतून चालतें. ‘वर्गसमीकरण’ ज्याला उत्तम येतें तोच विद्यार्थी ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ ऐकून गोंधळतो, आणि अडचण शब्दाची असतांना ती बुद्धीची आहे असें समजून खचतो. यावर उपाय साधा आहे. एक वही करावी; डाव्या बाजूस करणी, परिमेय, फल, सीमा हे शब्द, उजव्या बाजूस सर्ड, रॅशनल, फंक्शन, लिमिट. मे-जूनच्या सुटींत शंभर-सव्वाशें शब्द सहज होतात. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जेथें खेड्यांतून मुलें वसतिगृहांत येऊन राहतात, तेथें या वहीची किंमत शिकवणीच्या फीपेक्षां अधिक आहे.

आतां कोणतें दार कशानें उघडतें हें पाहूं. अभियांत्रिकीस गणित पाहिजेच; राज्याच्या प्रवेश-परीक्षेंत २०० पैकीं १०० गुण एकट्या गणिताचे असतात. वैद्यकास जीवशास्त्र हवें, गणित नको. औषधनिर्माणशास्त्र व कृषि यांस दोहोंपैकीं एक चालतें. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेंत ९०० पैकीं ३०० गुण गणिताचे आहेत, आणि २०२१ पासून ती परीक्षा मुलींसही खुली झाली आहे. वाणिज्य शाखेंत गणित ऐच्छिक असलें, तरी सनदी लेखापालाच्या पायाभूत परीक्षेंत गणित, तर्क व संख्याशास्त्र यांचा १०० गुणांचा पेपर चुकत नाहीं. शिवाय वाणिज्याच्या गणितांत विमा, वार्षिकी, निर्देशांक असे संसारास उपयोगी भाग असतात.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. सोडलेला विषय पुन्हा धरतां येतो, परंतु सर्व विषय सारखेच धरतां येत नाहींत. बारावीस जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्यास तें मागाहून जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊन वैद्यकाकडे वळण्याची मुभा २०२३ सालीं मिळाली. गणितही मागाहून देतां येतें, नाहीं असें नाहीं. पण गणित हा जिन्यासारखा विषय आहे. मधल्या चार पायऱ्या गाळून पांचवीवर पाय ठेवतां येत नाहीं, आणि दोन वर्षें मोडलेली संवय जोडावयास फार कष्ट पडतात. यास्तव ज्याचा निश्चय झालेला नाहीं व ज्याला विषय पेलण्यासारखा आहे, त्यानें गणित सोडण्याची घाई करूं नये.

भास्कराचार्यांनीं ११५० सालीं सिद्धान्तशिरोमणि रचिला, त्यांत प्रथम लीलावती, म्हणजे अंकगणित, मग बीजगणित, त्यानंतर ग्रहगणित व गोलाध्याय. त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं खानदेशांत चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला, त्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे. ग्रहांची गति जाणण्याची हौस कितीही असली तरी आरंभ लीलावतीपासून, हा क्रम आठशें वर्षांपूर्वीं आपल्या पूर्वजांनीं ठरवून दिला होता.

हाच न्याय पदवीच्या पहिल्या वर्षासही लागू आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत जाऊन पदविका घेणारीं मुलें अभियांत्रिकीच्या एकदम दुसऱ्या वर्षास बसतात. वर्ष वांचलें म्हणून घरीं आनंद होतो, पण पहिल्या वर्षाचें गणित हुकलेलें असतें आणि तिसऱ्या सत्राचें गणित समोर उभें राहतें. अशा मुलानें प्रवेशापूर्वींच्या सुटींत पहिल्या वर्षाचें पुस्तक पुरें करावें. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें पदवीस मुख्य व दुय्यम विषय निवडावयाचे असतात. तेथें नांवावर न भुलतां पहिल्या सत्राचें पुस्तक उघडून पहिलीं दहा पानें वाचावींत. तीं कळलीं तर विषय आपला. न कळलीं तर काय राहिलें आहे तें शोधून तेथून आरंभ करावा.

पण आमच्या स्नेह्यांची कन्या अद्याप जीवशास्त्रावरच अडून होती. तेव्हां आजोबांनीं तिला विचारलें, “ताडोबांतले वाघ मोजतात कसे?”

“कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात.”

“सगळेच वाघ कॅमेऱ्यापुढें येतात काय?”

“नाहीं.”

“मग न आलेले कसे मोजावयाचे? समज, पहिल्या खेपेस निरनिराळे २० प्राणी दिसले. दुसऱ्या खेपेस ३० दिसले, आणि त्यांतले ६ पहिल्या खेपेचे ओळखीचे निघाले. म्हणजे ओळखीचे किती हिश्शाने?”

“एकपंचमांश.”

“तर आपले पहिले २० हे सबंध रानाच्या एकपंचमांश असावेत.”

“म्हणजे शंभर!” ती क्षणभर कागदाकडे पाहत राहिली. “आजोबा, वाघ मोजावयासही गणितच लागतें?”

प्रत्यक्षांतील पद्धति याहून पुष्कळ सूक्ष्म आहे, परंतु तिचें मूळ हेंच. रात्रीं वडिलांनीं भर घातली. केंद्रांतील जनित्र मिनिटास ३००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास ५०. आणि आपल्या घरांतील दिव्यापर्यंत येणाऱ्या विजेची लाट ही त्या साइनचाच आलेख आहे. ज्या अक्षरांस मुलगी भीत होती तीं तिच्या खिडकींतून दिसणाऱ्या धुराड्यांखालीं अहोरात्र फिरत होतीं.

अखेरीस तिनें गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतलीं. अट एवढीच ठरली कीं, कॉलेज उघडेपर्यंत रोज एक तास आजोबांजवळ बसावयाचें; शिवाय विषय बदलण्याची मुदत कोणत्या तारखेस संपते तें कचेरींत विचारून ठेवावयाचें, आणि त्यापूर्वीं पुन्हा एकदां घरांत बसून विचार करावयाचा. ती तारीख आली तेव्हां आजोबांनीं विचारलें. मुलीनें “राहूं द्या” म्हटलें. दिवाळीपूर्वीच्या परीक्षेंत तिला गणितांत बेताचेच गुण पडले. काकांनीं तोंड उघडण्यापूर्वींच तिनें आपली उत्तरपत्रिका आजोबांपुढें ठेवली आणि कोठें, कां चुकलें तें स्वतःच सांगितलें. चूक दाखवावयास जें मूल भीत नाहीं, त्याची काळजी करण्याचें कारण उरत नाहीं.

सुज्ञ पालकांस एवढीच विनंति आहे. दोन विषय एकदम पेलणार नाहींत असें मूलही असतें. त्यानें एकच घ्यावा, त्यांत उणेपणा नाहीं. कोणास इतिहासाची, कोणास भाषेची ओढ असते. तिचाही मान ठेवावा. मात्र भीतीनें गणित टाकूं देऊं नये, आणि प्रतिष्ठेसाठीं तें लादूं नये. निर्णयापूर्वीं एक सकाळ मोकळी ठेवा, एक कोरा कागद घ्या, पांच प्रश्न घाला आणि शेजारीं बसा.