कच्चा लिंबू नव्हे, भिडू!

हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही, स्वतःच्याच तंद्रीत असतो... अशा मुलाशी खेळायचं तरी कसं? उत्तर महागड्या खेळण्यांमध्ये शोधण्याआधी जरा आपलं लहानपण आठवून बघा.

मोबाइलवर ‘ऑटिझम टॉइज’ एवढं टाइप करून बघा. रंगीबेरंगी स्पिनर, दाबलं की टपटप वाजणारे पॉप-इट, वजनदार ब्लँकेट, आत चमकी भरलेल्या बाटल्या... यादी संपतच नाही. तुम्ही मुंबई-ठाण्यात राहत असाल, तर ऑर्डर केलेलं पार्सल बहुधा भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमधूनच निघेल. मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर... अख्ख्या महानगराची खरेदी इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवलेली असते.

आता त्याच गोडाऊनपासून थोड्या अंतरावरची एक दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. शेजारी पॉवरलूमची खटखट चालू, आणि घरात ऑटिझम असलेलं चार वर्षांचं मूल. थेरपीसाठी त्याला ठाण्याला नाहीतर मुंबईला न्यायचं म्हणजे अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं. पाऊण तासाच्या सेशनसाठी अर्धा दिवस जातो, रोजावर काम असेल तर त्या दिवसाची रोजीही बुडते. बरं, तिथली थेरपिस्ट शेवटी सांगते काय, तर ‘घरी याच्याशी भरपूर खेळा.’

खेळा! पण काय? आणि जो आपल्याकडे बघतच नाही, त्याच्याशी कसं?

हा प्रश्न फक्त भिवंडीतल्या आईबाबांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. म्हणजे तुमचा भाचा, तुमच्या टीम-लीडची मुलगी, सोसायटीतला लिफ्टची बटणं दाबत राहणारा तो मुलगा... कुणी ना कुणी तुमच्याही ओळखीचं असणारच.

आधी थोडं समजून घेऊ

१९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवरून ऑटिझमचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर बरीच वर्षं ‘आईने माया लावली नाही म्हणून असं झालं’ हा क्रूर समज डॉक्टरांमध्येही होता. तो केव्हाच खोटा ठरलाय. लसीमुळे ऑटिझम होतो, हेही खोटं. या मुलांचा मेंदू जन्मापासूनच वेगळ्या वळणाने वाढतो. संवाद साधण्याची त्यांची पद्धत वेगळी असते. आवाज, स्पर्श, उजेड त्यांना कधी फार जास्त जाणवतात, तर कधी फार कमी. ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या की त्यांना बरं वाटतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपले जुने खेळ इथेच कामाला येतात.

गुदगुल्यांच्या आधीचे दोन सेकंद

आजी बाळाचा तळहात हातात घेते. करंगळीपासून एकेक बोट मोजते, मग तिची दोन बोटं बाळाच्या हातावरून चालत चालत वर जातात आणि काखेत... गुदगुल्या! आपण सगळेच यातून गेलोय. आपडी-थापडी घ्या, नाहीतर पदराआड तोंड लपवून केलेलं बुवा-कुक घ्या. रचना तीच. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, आणि मध्ये एक छोटासा थांबा.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याच बुवा-कुकचा अभ्यास केला होता. त्याचं म्हणणं असं, की बोलायला लागण्याच्या आधीच मूल या खेळातून संभाषणाचे नियम शिकतं. एकदा तू, एकदा मी. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी लहान ऑटिस्टिक मुलांसाठी ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’ तयार केलं. त्यात असे अंगाखांद्यावरचे, खेळण्यांशिवायचे खेळ ठरवून वापरले जातात. आपल्या आजीचा खेळ आणि हे मॉडेल यांत नातं आहे ते असं!

यातली मेख आहे ती त्या थांब्यात. दोन-तीनदा खेळ पूर्ण करा. चौथ्या वेळी काखेजवळ आलात, की थांबा. काही बोलू नका, फक्त वाट बघा. मूल तुमचा हात ओढेल, एखादा आवाज काढेल, अंग हलवेल, क्षणभर तुमच्याकडे बघेल. ‘पुढे कर ना’ असं ते सांगतंय. शब्द नसेल, पण बोलणं सुरू झालं. लगेच गुदगुल्या करा. त्याच्या सांगण्याने काहीतरी घडतं, हे त्याला कळलं पाहिजे. आणि गुदगुल्या नकोशा वाटणारं मूल असेल, तर त्याऐवजी हात घट्ट दाबा किंवा टाळी द्या. शेवट त्याच्या आवडीचा हवा, आपल्या नव्हे.

गोव्यात काय दिसलं?

‘हे सगळं ठीक, पण पुरावा काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण आपल्या शेजारचंच. गोव्याची ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे संशोधक यांनी मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांबरोबर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये आले. मूळ पद्धत ब्रिटनमधली. पण इथे ती राबवली खास प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी. तज्ज्ञ डॉक्टर मिळत नाहीत, हे आपल्याकडचं वास्तव मान्य करूनच सगळी आखणी केली होती.

पद्धत काय? आईबाबा मुलाशी खेळतात, त्याचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि नंतर कार्यकर्तीसोबत बसून तो बघायचा. मुलाने कधी वळून पाहिलं? आपण ते टिपलं, की ‘हे काय आहे? रंग कोणता?’ असे प्रश्नांवर प्रश्न विचारत बसलो? दर १५ दिवसांनी एक, अशी सहा महिन्यांत १२ सत्रं. शेवटी काय दिसलं, तर पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून त्यांच्याशी जास्त संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं मात्र नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला. तरीही एक गोष्ट पक्की झाली. शिकवायचं असतं ते आधी मोठ्यांना, आणि तेही घरात, साध्या खेळातून जमतं.

भोवरा, लगोरी आणि चादरीचा झोका

बरीच ऑटिस्टिक मुलं फिरणाऱ्या पंख्याकडे, गाडीच्या चाकाकडे तासन्‌तास बघत बसतात. आपण काय करतो? पंखा बंद करतो. त्याऐवजी भोवरा आणला तर? तो फिरतो, म्हणजे मूल बघणार. तो थांबतो, आणि पुन्हा फिरवायचा तर जाळी गुंडाळायला कुणीतरी मोठं माणूस लागतं! पंख्याला तुमची गरज नसते, भोवऱ्याला असते. मूल भोवरा उचलून तुमच्या हातात देतं, तेव्हा त्याच्या आवडीच्या जगात तुम्हाला पहिल्यांदा आमंत्रण मिळालेलं असतं.

काही मुलं वस्तू एकावर एक किंवा एका ओळीत रचत राहतात. त्यांच्यासाठी लगोरी आहेच. चेंडू मारून पळणं नाही जमलं तरी चालेल, सात ठिकऱ्या रचायचं काम त्याचं.

आणि चादरीचा झोका! दोघांनी चादरीची टोकं धरायची, मध्ये मूल. भिवंडीत तर कापडाला तोटा नाही. सहा झोके द्या आणि थांबा. ‘अजून?’ एवढंच विचारा. पुन्हा तोच थांबा, पुन्हा तीच वाट बघणं.

सगळेच जुने खेळ मात्र चांगले, असं समजू नका. आंधळी कोशिंबीरमध्ये अचानक कुठूनही हात लागतो. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाला ती शिक्षाच. लपाछपीत दुसऱ्याला काय दिसतंय याचा अंदाज लागतो, तो या मुलांना अवघड जातो. मग ती सगळ्यांच्या देखत खांबाशेजारी उभी राहतात आणि बाकीचे हसतात. कानगोष्टींचंही तेच.

राज्य कुणावर?

गल्लीत एक सुंदर सोय होती, आठवतेय? सगळ्यात लहान पोराला ‘कच्चा लिंबू’ करायचे. तो आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. समावेशन वगैरे शब्द ऐकण्याच्या आधीच आपल्या पोरांनी हा नियम काढला होता. प्रसाद ओक दिग्दर्शित २०१७ चा मराठी चित्रपट आठवा. विशेष मुलाच्या आईवडिलांच्या त्या गोष्टीचं नावही ‘कच्चा लिंबू’च.

पण बारा वर्षांचा झाला तरी तो कच्चा लिंबूच राहणार का? पहिल्या दिवशी कच्चा लिंबू ठीक. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडे एखादं खरं काम हवं. ठिकऱ्या रचणं, आकडे मोजणं, पाळीचा क्रम सांभाळणं. नियम कुणी मोडला हे अचूक सांगणारा अंपायर तर याच मुलांमध्ये सापडू शकतो. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश संशोधक स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मुद्दा मांडला, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्याला आपण कळत नाही, तसा आपल्यालाही तो कळत नाही. म्हणजे शिकायचं दोघांनी. भिडू म्हणतात तो यालाच.

घरची बोली सोडू नका

भिवंडीच्या एकाच गल्लीत आगरी, उर्दू, तेलुगू, हिंदी असं सगळं ऐकू येतं. मूल बोलत नाही म्हटलं, की सल्ला मिळतो, ‘घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्लिश.’ दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट आजीची भाषा बंद केली, की आजीचे खेळही बंद होतात. आणि मुलाशी खेळणारं घरातलं एक माणूस कमी होतं.

एक काळजी मात्र घ्या. लूमच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. काहींना ती एकसुरी खटखट चालते, पण अचानक वाजलेली कुकरची शिट्टी सहन होत नाही. त्याने कान झाकले, तर तो हट्ट करतोय असं समजू नका. खेळाची वेळ बदला, जागा बदला. टेम्पो-ट्रेलरच्या रस्त्यालगत तर नकोच. यातली काही मुलं धोका न ओळखता धावत सुटतात.

खेळ म्हणजे औषध नव्हे

लगोरीने ऑटिझम ‘बरा’ होत नाही. तो कशानेच बरा होत नाही, आणि तसा दावा करून लाखो रुपये घेणाऱ्यांपासून दूर राहा. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. खेळतोय म्हणून तपासणी पुढे ढकलणंही चूकच. वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही सांगत नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी योजनेत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं. त्यात थेरपीचाही समावेश आहे.

मामा, मावशी, काका, आत्यांसाठी

* ‘माझ्याकडे बघ’ असं म्हणून हनुवटी धरू नका. त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर जमिनीवर बसा.
* पहिली दहा मिनिटं तो करतोय तेच करा. तो गाडी उलटी करून चाक फिरवतोय? तुम्हीही फिरवा.
* एका वेळी एकच खेळ, एकच माणूस. आठ पाहुण्यांसमोर ‘करून दाखव’ नको.
* थांबलात की मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ते फार वाटतात, त्याला लागतात.
* खेळ संपायच्या आधी सांगा, ‘अजून दोन वेळा, मग बास.’
* गोट्या, सागरगोटे तोंडात घालणाऱ्या मुलापासून लांब ठेवा.
* तो उठून गेला तर जाऊ द्या. पुढच्या खेपेला तोच खेळ, त्याच जागी, त्याच क्रमाने.

आणि त्याच्या आईला सल्ला देऊ नका, तिला दिवसभर तेच मिळत असतात. ‘अर्धा तास मी याच्याशी खेळतो, तू चहा घे’ एवढंच म्हणा.