कलिन्यातला जानेवारी आणि नंतरची दहा वर्षं

जानेवारी २०१४ मध्ये मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक नीरज हातेकर यांना निलंबित केलं. कुलगुरू राजन वेळूकर यांच्या कारभारावर त्यांनी पत्रकार परिषदेत जाहीर टीका केली होती. पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता. वसई-विरारची मुलं ठाणे जिल्ह्याची म्हणवायची आणि एम.ए.ला विरार लोकलमध्ये लोंबकळत सांताक्रूझ गाठून विद्यापीठाच्या कलिना संकुलात जायची. विभागातले विद्यार्थी सरांच्या बाजूने आंदोलनात उतरले. शिक्षकाचं स्वातंत्र्य म्हणजे आपलाच अभ्यास, हे त्यांना व्याख्यानाविना कळलं. पुढे विद्यापीठाला निलंबन मागे घ्यावं लागलं.

तोवर भीती वरून यायची. २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी एस.वाय.बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली, तीही विद्यार्थी संघटनेच्या दबावापुढे कुलगुरूंनीच. नोव्हेंबर २०१२ मध्ये तर पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. त्यानंतर आमच्याकडच्या वर्गांत राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी चेष्टेत म्हणायचं, ‘सर, पालघर!’ चेष्टाच, पण सर विषय बदलायचे.

पुढे या भीतीची दिशा बदलली. २०२३ मध्ये कोल्हापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षिकेचं वर्गातलं बोलणं मोबाईलवर टिपून बाहेर गेलं आणि त्यांनाच रजेवर पाठवलं गेलं. टिपणारे वर्गातलेच होते. २०१४ ला सरांसाठी उभे राहिलेले विद्यार्थी आणि २०२३ ला कॅमेरा चालू करणारे विद्यार्थी, दोन्ही आपलेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात ललित कला केंद्राचे प्रमुख प्रवीण भोळे पाच विद्यार्थ्यांसह अटकेत गेले, एका नाट्यप्रयोगापायी; तिथे निदान गुरू-शिष्य एकाच बाजूला होते. त्याच वर्षी ७ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातले प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांच्यावरचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसबद्दलचा गुन्हा रद्द केला. निकाल चांगला, पण गुन्हा २०२२ चा.

मला मात्र वर्तक, गोन्सालो गार्सिया, विवा अशा आपल्या वसई-विरारच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना वेगळीच गोष्ट सांगायची आहे. हातेकर कायम पदावर होते, म्हणून त्यांना निलंबित करावं लागलं आणि म्हणूनच ते परत येऊ शकले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला कुणी निलंबित करत नाही. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र येत नाही, बस्स. ना आदेश, ना बातमी, ना आंदोलन. अशा माणसाने वर्गात वादाचा प्रश्न टाळला तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याचा पगार तासावर मोजला जातो.

प्रवेश घेताना कट-ऑफ विचारता, तसं विभागात कायम शिक्षक किती आहेत, हेही विचारा. आणि वर्गात सर बोलत असताना मोबाईल बॅगेत ठेवा.