परदेशात जपलेले युद्ध

जुलै १९८३च्या तमिळविरोधी दंगलींनंतर श्रीलंकेतील लाखो तमिळ टोरांटो, लंडन, पॅरिस अशा शहरांत गेले. जळालेल्या घरांच्या आणि १९८१ मध्ये भस्मसात झालेल्या जाफना ग्रंथालयाच्या आठवणी त्यांच्यासोबत गेल्या. या आठवणींच्या बळावर श्रीलंका सरकारविरुद्ध लढणाऱ्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेला परदेशातून पैसा व पाठिंबा मिळाला. काही ठिकाणी वर्गणी धाकदपटशानेही वसूल झाली. लढाईची झळ थेट बसत नसल्याने दूर राहणाऱ्यांपैकी अनेकांना तडजोड म्हणजे विश्वासघात वाटे. युद्धाची किंमत मात्र गावातली माणसे मोजत होती.

मे २००९ मध्ये युद्ध संपले. तरीही दर २७ नोव्हेंबरला, लिट्टेच्या स्मृतिदिनी, परदेशातील सभागृहांत तिच्या मृत लढवय्यांच्या तसबिरींपुढे दिवे लागतात, कळलावीची लाल-पिवळी फुले वाहिली जातात. आता याच आठवणींच्या आधारे बेपत्ता माणसांचा शोध आणि युद्धगुन्ह्यांची चौकशी यांची मागणी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली जाते.