म्हातारपण कोणते आणि आजार कोणता?



पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरांना भेटी देताना एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : "आता काय, वय झाले त्यांचे." आजी जेवत नाहीत, वय झाले. आजोबा पडले, वय झाले. या वाक्याआड पुष्कळदा बरा होण्यासारखा आजार लपलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलअखेरीस आम्ही डिचोलीकडील एका घरी आजारी माणसाला कम्युनियन देण्यास गेलो होतो. काजूचा हंगाम, घरची माणसे बागायतीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत होत्या, मुलाला भावाच्या नावाने हाक मारीत होत्या. म्हातारचळ लागला, असे घरात ठरूनच गेले होते. आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. सुनेला मात्र ते पटेना. ती म्हणाली, "फादर, रविवारी त्या स्वतः बिया निवडत होत्या. दोन दिवसांत कुठे म्हातारपण येते?"

तिचेच खरे ठरले. आरोग्य केंद्रात तपासले तेव्हा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झालेला व शरीरातील पाणी कमी झालेले आढळले. ताप मुळीच नव्हता. रात्री अंधारात परसात जावे लागू नये म्हणून आजींनी पाणी पिणेच कमी केले होते. औषधोपचारानंतर आठवड्याभरात त्या पुन्हा सोप्यावर बसून बिया निवडू लागल्या.

सुनेचा तो प्रश्न प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा. म्हातारपण वर्षानुवर्षे, पावलापावलाने येते. जे दोन दिवसांत येते तो बहुधा आजार असतो.

वयाबरोबर काय होते? चाळिशीनंतर जवळचे वाचताना त्रास होतो. पुढे दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येते. स्नायू व हाडे झिजतात, चाल मंदावते. झोप हलकी होते, पहाटे लवकर जाग येते. नाव चटकन आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवते. तहान कमी लागते, कातडी पातळ होते. मूत्रपिंडे पूर्वीइतकी जलद काम करीत नाहीत, म्हणून औषध शरीरात अधिक काळ राहते. दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी तरुणाला चालली तरी म्हाताऱ्याला बाधू शकते.

काय होऊ नये? एकाएकी भ्रम होणे, कारण नसता वजन उतरणे, वारंवार पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, रोजच्या वाटेवर घर न सापडणे, अन्नावरची व माणसांवरची वासना उडून आठवडेच्या आठवडे उदास बसणे ही म्हातारपणाची लक्षणे नव्हेत. डॉक्टरांना दाखवावे. म्हाताऱ्यांना गंभीर संसर्गातही ताप येईलच असे नाही. तोंड वाकडे झाले, एक हात गळून पडला, बोलणे अडखळले, तर अर्धांगवायू समजून क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

घरी काय करावे? तहानेची वाट न पाहता तास-दोन तासांनी पाणी, पेज किंवा ताक द्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल, तर तेवढेच द्यावे. नुसती पेज व लोणचे यांनी स्नायू टिकत नाहीत. तिच्याबरोबर हळसांदे, मूग, अंडे किंवा बांगडा हवा. रात्री वाटेत दिवा असावा, खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवावे. पावसाळ्यात अंगणातील शेवाळ खरवडून काढावे, कारण खुब्याचे हाड मोडले की पुष्कळजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. जे हिंडतेफिरते आहेत त्यांच्या हातचे हलके काम काढून घेऊ नये. बसवून ठेवणे म्हणजे सेवा नव्हे.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात शंभरांत सुमारे ११ जण साठीच्या पुढचे होते, तर देशात साडेआठच्या आसपास. तरुण मुले नोकरीसाठी बाहेरगावी जात आहेत, तेव्हा सेवेचा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो. हंगामात सगळ्यांनीच बागायतीत जाण्याऐवजी पाळीपाळीने एकाने घरी राहावे. पुरुषांनीही ही पाळी घ्यावी. काजू आणखी एक दिवस झाडाखाली पडून राहिला तर फारसे बिघडत नाही. तापाविना आलेला आजार मात्र तेवढ्या वेळात हाताबाहेर जाऊ शकतो.

आज घरी गेल्यावर आपल्या आईला वा वडिलांना एवढेच विचारावे : "आज पाणी किती प्यालात?"